हेलन केलर यांचा १९१२चा लेख: अपंगत्व, श्रमिक चळवळ आणि नेतृत्वाचा प्रश्न

पाठाची उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना
– अपंग नेत्यांची चरित्रे लिहिताना होणाऱ्या दोन नेहमीच्या चुका ओळखता येतील;
– हेलन केलर यांच्या 'मी समाजवादी कशी झाले' या लेखाचे चिकित्सक वाचन करता येईल;
– अपंग व्यक्तीचे नेतृत्व आणि अपंग कामगारांची संघटना यांतील फरक सांगता येईल.

१. प्रस्तावना

हेलन केलर म्हटले की बहुतेकांना एकच प्रसंग आठवतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका लहान मुलीच्या हातावर पंपाच्या पाण्याची धार पडते. तिच्या दुसऱ्या तळहातावर शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन बोटांच्या खुणांनी 'पाणी' या शब्दाची अक्षरे काढतात. जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलीला त्या क्षणी कळते. हा प्रसंग १८८७ सालचा आहे. केलर यांनी तो १९०३ साली आलेल्या आत्मचरित्रात सांगितला, पुढे तो नाटकात आणि चित्रपटांत आला. आपल्याकडच्या २००५ सालच्या 'ब्लॅक' या हिंदी चित्रपटालाही याच कथेचा आधार आहे.

पण त्या प्रसंगी केलर सात वर्षांच्याही नव्हत्या आणि त्यानंतर त्या एक्क्याऐंशी वर्षे जगल्या. १९०४ साली त्या पदवीधर झाल्या. १९०९ साली त्यांनी अमेरिकेच्या समाजवादी पक्षात प्रवेश केला. पुढे 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या लढाऊ कामगार संघटनेची बाजू त्यांनी उघडपणे घेतली. जानेवारी १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी कामगारांना युद्धाविरुद्ध संप करण्याचे आवाहन केले. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी जी संघटना अमेरिकेत १९२०मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या. ही सगळी वर्षे लोकप्रिय कथेतून गळून जातात. पाण्याच्या पंपाजवळ कथा थांबवली की केलर कायम शिकणारी मुलगी राहतात, शिकवणारी आणि भांडणारी बाई होत नाहीत.

ही गळती कशी होते आणि केलर यांनी स्वतः तिला कसे उत्तर दिले, हे पाहण्यासाठी आपण ३ नोव्हेंबर १९१२ रोजी 'न्यूयॉर्क कॉल' या समाजवादी दैनिकात आलेला त्यांचा लेख वाचणार आहोत. या पाठाचे प्रतिपादन असे: अपंग व्यक्तीला नेता म्हणून बोलण्याचा हक्क आहे, हे केलर यांचा लेख ठामपणे सिद्ध करतो. परंतु अपंग माणसे एकत्र येऊन आपल्या हक्कांसाठी स्वतः लढू शकतात, ही गोष्ट त्या लेखाच्या कक्षेत येत नाही. ती गोष्ट त्याच काळातील ब्रिटनच्या अंध कामगारांनी करून दाखवली.

२. चरित्रलेखनाच्या दोन सवयी

सुरुवातीच्या समाजवादी चळवळीत शरीराने अपंग असलेल्या व्यक्ती कमी नव्हत्या. रोझा लक्झेंबर्ग (१८७१–१९१९) यांना बालपणी कमरेच्या सांध्याचा आजार झाला आणि त्या आयुष्यभर लंगडत चालत. अंतोनियो ग्राम्शी (१८९१–१९३७) यांच्या पाठीचा कणा लहानपणापासून वाकलेला होता आणि त्यांची उंची पाच फुटांपेक्षा कमी राहिली. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे पहिले अर्थमंत्री फिलिप स्नोडेन यांना १८९१ साली मणक्याचे दुखणे जडले. ते पुढे काठ्यांच्या आधाराने चालत.

या माणसांबद्दल लिहिताना दोन सवयी दिसतात. पहिली सवय अपंगत्व पुसून टाकण्याची. चरित्राच्या पहिल्या प्रकरणात त्याचा उल्लेख येतो आणि मग विचारांच्या चर्चेत त्याला जागाच नसते. दुसरी सवय उलट दिशेची: अपंगत्वालाच सगळ्याचे कारण ठरवायचे. शरीर दुखावलेले म्हणून मन बंडखोर झाले, किंवा स्वतः सोसले म्हणून गरिबांचे दुःख कळले, असे स्पष्टीकरण द्यायचे.

दुसरी सवय सहृदय वाटते, पण ती तपासून पाहिली तर टिकत नाही. स्नोडेन यांचेच उदाहरण घ्या. आजारपणानंतरच्या वर्षांत ते समाजवादाकडे वळले हे खरे. पण १९३१च्या आर्थिक संकटात बेकारभत्त्यात कपात करण्याचा आग्रह धरणारे अर्थमंत्रीही तेच होते आणि त्यावरून त्यांचा स्वतःच्या पक्षाशी संबंध तुटला. सोसण्यातून आपोआप विशिष्ट राजकारण जन्मत नाही. ग्राम्शींच्या बाबतीतही त्यांच्या विचारांना आकार देणाऱ्या गोष्टी शोधायच्या तर सार्डिनियाचे दारिद्र्य, तूरिनचे मोटार कारखाने आणि १९१९–२० मधल्या तिथल्या कामगारांच्या कारखाना समित्या यांच्याकडे पाहावे लागते. भारतातले विद्यार्थी 'सबाल्टर्न' या संकल्पनेमुळे ग्राम्शींना ओळखतात. ती संकल्पना त्यांच्या पाठीच्या कण्यातून निघाली असे म्हणणे म्हणजे त्यांचे वाचन, त्यांची संघटना आणि त्यांचा तुरुंगवास यांना किंमत न देणे होय.

मग अपंगत्वाचा राजकारणाशी संबंध नसतोच का? असतो. पण तो शरीर आणि विचार यांच्यात थेट नसतो. व्यक्तीचे शरीर, भोवतालच्या संस्था, तिला मिळणारी मदत, तिचा पैसा आणि तिच्याकडे पाहणारी नजर या सगळ्यांमधून तो घडतो. केलर यांचा लेख महत्त्वाचा ठरतो तो यामुळे, की त्यात हे सगळे घटक उघड दिसतात.

३. लेखाची पार्श्वभूमी

१९१२ साल अमेरिकन समाजवाद्यांसाठी उमेदीचे होते. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे कापड कामगारांचा मोठा संप त्याच वर्षी झाला. यूजीन डेब्स समाजवादी पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते आणि केलर यांचा लेख मतदानाच्या दोन दिवस आधी छापून आला.

त्याआधीचे काही महिने वर्तमानपत्रे केलर यांच्या समाजवादावर लिहीत होती. समाजवादविरोधी 'कॉमन कॉज'ने सुचवले की सलिव्हन आणि त्यांचे पती जॉन मेसी यांनी या बिचाऱ्या बाईच्या डोक्यात हे विचार भरले. 'ब्रुकलिन ईगल'ने म्हटले की तिच्या चुका तिच्या विकासावर पडलेल्या उघड मर्यादांमधून आल्या आहेत. दोन्ही टीकांचा अर्थ एकच होता: या व्यक्तीचे मत हे तिचे मत नव्हे, ते कुणीतरी भरवलेले तरी आहे किंवा आजाराचे लक्षण तरी आहे. तिच्या म्हणण्याचा प्रतिवाद करण्याची गरजच उरत नाही.

४. लेखाचे वाचन

(अ) वाचनाचा हिशेब. या आरोपाला केलर यांनी दिलेले उत्तर अतिशय साधे आहे. त्या आपल्या वाचनाचा हिशेब देतात. समाजवादावरचे पहिले पुस्तक त्यांनी वाचले ते एच. जी. वेल्स यांचे 'न्यू वर्ल्ड्स फॉर ओल्ड'. ते सलिव्हन यांनी सुचवले. पण सलिव्हन स्वतः ना मार्क्सवादी, ना समाजवादी, हे केलर स्पष्ट करतात. मेसी मार्क्सवादी आहेत, हेही लपवत नाहीत. आठवड्यातून तीनदा एक व्यक्ती येऊन समाजवादी नियतकालिकातला निवडक मजकूर त्यांच्या तळहातावर अक्षरे काढून वाचून दाखवत असे. जर्मन नियतकालिक त्या उठावाच्या लिपीत स्वतः वाचत. अर्थशास्त्रावरचे पन्नास हजार शब्दांचे पुस्तक बोटांनी वाचणे हे सोपे किंवा झटपट होणारे काम नाही, असे त्या सांगतात आणि तरीही ते पुन्हा पुन्हा करण्याचा आनंद व्यक्त करतात.

या उताऱ्यात केलर स्वावलंबनाचा दावा करत नाहीत, हे विशेष आहे. आपण इतरांच्या हातांवर अवलंबून आहोत, हे त्या मान्य करतात. मात्र काय वाचायचे हे आपण निवडतो, हे त्या ठासून सांगतात. मदत घेणे आणि मत उसने घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळस वाचकही संपादक, मुद्रक, अनुवादक आणि ग्रंथपाल यांच्या श्रमावर अवलंबून असतो. त्याचे अवलंबन दिसत नाही, केलर यांचे दिसते, एवढाच फरक.

(आ) स्तुतीचा पालट. लेखातला सर्वांत धारदार भाग 'ईगल'च्या संपादकाविषयी आहे. काही वर्षांपूर्वी अंधांसाठी झालेल्या सभेत याच संपादकाने केलर यांची इतकी स्तुती केली होती की ती आठवून त्या संकोचतात. आता त्या समाजवादाची बाजू घेतात तेव्हा तोच माणूस त्यांना आणि जगाला त्यांच्या अंधत्व-बधिरत्वाची आठवण करून देतो. मधल्या काळात आपली बुद्धी आटली असावी, असा टोमणा केलर मारतात. वाद घालायचा तर माझ्या विचारांशी घाला, मला दिसत-ऐकू येत नाही हे सांगणे म्हणजे युक्तिवाद नव्हे, असे त्या बजावतात.

येथे एक सामाजिक नियम उघडा पडतो. अपंग व्यक्ती धर्मादायाची बाजू मांडते तोवर तिचे अपंगत्व तिच्या शब्दाला वजन देते. ती मालकशाहीवर बोलू लागली की तेच अपंगत्व तिचा शब्द काढून घेते. म्हणजे कौतुकाला अट जोडलेली असते.

(इ) अंधत्वाची कारणे. लेखाचा तिसरा मुद्दा अंधत्व आणि अर्थव्यवस्था यांच्या संबंधाचा आहे. ज्या शारीरिक अंधत्व-बधिरत्वाला आळा घालण्याचा आपण प्रयत्न करत आहोत, त्यातले बरेचसे या व्यवस्थेमुळेच निर्माण होते, असे केलर म्हणतात. अंधांविषयीच्या शासकीय आयोगाच्या कामातून त्यांना अंधत्वाच्या कारणांचा परिचय झाला होता. नवजात बालकांच्या डोळ्यांना जंतुसंसर्ग होऊन येणारे टाळण्याजोगे अंधत्व हा त्या काळी उच्चारायलाही संकोचाचा विषय होता. त्यावर त्यांनी मोठ्या खपाच्या महिला मासिकात लिहिले होते. दैव किंवा पाप यांऐवजी असुरक्षित कारखाने, दारिद्र्य आणि उपचारांचा अभाव यांच्याकडे त्या बोट दाखवतात. अपंगत्वाचा प्रश्न त्यामुळे दयेच्या प्रांतातून श्रमिकांच्या प्रश्नाच्या प्रांतात येतो. लेखाची ही सर्वांत मोठी कमाई आहे.

५. लेखाच्या मर्यादा

पहिली मर्यादा भाषेची आहे. 'ईगल' हेच सामाजिकदृष्ट्या अंध आणि बहिरे आहे, असा प्रतिहल्ला केलर करतात. कधी समाजवादी चळवळीसाठी पुस्तक लिहिलेच तर त्याचे नाव 'औद्योगिक अंधत्व आणि सामाजिक बहिरेपण' असेल, असे सांगून त्या लेख संपवतात. ते पुस्तक त्यांनी लिहिले नाही. हे शीर्षक दुहेरी आहे. 'औद्योगिक अंधत्व' म्हणजे कारखान्यांनी आणलेले खरे अंधत्व आणि उद्योगपतींचे न पाहणे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. शस्त्र विरोधकाच्या हातून काढून त्याच्यावरच उगारण्याचे हे कसब आहे. पण त्यातून अंधत्व म्हणजे अज्ञान हे समीकरण मोडत नाही, फक्त त्याचा रोख बदलतो. 'आंधळा कायदा', 'बहिरे सरकार' असे आपण सहज म्हणतो. तेव्हा आपणही हेच समीकरण वापरत असतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अंधत्व कसे टाळता येईल यावर लेखाचा भर आहे. जी माणसे अंध आहेत त्यांनी कसे जगावे, काय कमवावे, कोणते हक्क मागावेत, यावर तो जवळजवळ गप्प आहे. अपंगत्व हे फक्त भांडवलशाहीने केलेले नुकसान मानले, तर अपंग माणूस त्या नुकसानीचा पुरावा होतो, लढणारा माणूस होत नाही. या विचाराचे टोक तीन वर्षांनी दिसले. नोव्हेंबर १९१५मध्ये शिकागोत एका डॉक्टरने गंभीर शारीरिक व्यंगे असलेल्या नवजात बालकावर शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला आणि ते बालक दगावले. केलर यांनी 'द न्यू रिपब्लिक'मध्ये लिहून त्या डॉक्टरची पाठराखण केली आणि अशा बालकांविषयीचे निर्णय डॉक्टरांच्या पंचमंडळाकडे सोपवावेत असे सुचवले. ज्यांच्या क्षमतेविषयी जगाने आधीच निकाल दिला होता, त्या केलर यांनीच दुसऱ्याच्या क्षमतेविषयी आधी निकाल देण्याची व्यवस्था सुचवावी, ही त्यांच्या विचारातील सर्वांत दुखरी विसंगती आहे. सुप्रजननशास्त्राचा प्रभाव तेव्हाच्या अनेक पुरोगाम्यांवर होता. पण म्हणून तिच्याकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट मर्यादा म्हणावी की परिस्थिती, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९१०मध्ये देऊ केलेले वार्षिक वेतन केलर यांनी नाकारले होते. १९१३ साली व्याख्यानांच्या दौऱ्यात सलिव्हन अचानक आजारी पडल्या. परक्या गावात केलर यांना साधी मदत मागवणेही अवघड झाले आणि त्यानंतर त्यांनी ते वेतन स्वीकारले. १९२४पासून त्या अंधांसाठीच्या एका राष्ट्रीय संस्थेसाठी निधी गोळा करू लागल्या. निधी देणारे श्रीमंत होते. समाजवादी व्यासपीठावरचे त्यांचे बोलणे हळूहळू विरळ झाले. याला तत्त्वच्युती म्हणणे सोपे आहे. पण सोबतीच्या व्यक्तीचा पगार, प्रवास आणि घरखर्च भागवण्याची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नसताना एका व्यक्तीने किती काळ एकटीने तत्त्व सांभाळावे, असा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर व्यक्तीकडे नसते, संघटनेकडे असते.

६. तुलना: ब्रिटनचे अंध कामगार

अशी संघटना त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे उभी होती. ब्रिटनमध्ये 'नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड' १८९९ साली कामगार संघटना म्हणून नोंदली गेली आणि १९०२मध्ये तेथील ट्रेड युनियन काँग्रेसशी संलग्न झाली. बेन पर्स हे दृष्टिहीन कार्यकर्ते तिच्या प्रमुख नेत्यांपैकी होते. तिचे बरेच सभासद धर्मादाय संस्थांच्या कर्मशाळांत टोपल्या, चटया आणि ब्रश बनवत. या संस्था त्यांना 'लाभार्थी' समजत. मजुरी इतकी तुटपुंजी असे की पूर्ण दिवस काम करूनही पोट भरत नसे.

लीगने या नात्याचे नाव बदलले. तिचे म्हणणे असे: आम्ही काम करतो, तेव्हा आम्ही कामगार आहोत. कर्मशाळा चालवणारे आमचे उपकारकर्ते नव्हेत, मालक आहेत. म्हणून आम्हाला मजुरी हवी, आणि जिथे काम मिळत नाही तिथे शासनाने जबाबदारी घ्यावी.

एप्रिल १९२०मध्ये लीगच्या सभासदांनी मँचेस्टर, लीड्स आणि न्यूपोर्ट या तीन ठिकाणांहून लंडनकडे पायी कूच केले. संख्या दोनशेच्या आसपास होती. 'दया नको, न्याय हवा' अशा आशयाचे फलक घेऊन, एकमेकांचा हात धरून ते गावोगाव सभा घेत सुमारे तीन आठवडे चालले. २५ एप्रिलला ते लंडनच्या ट्राफल्गार चौकात पोहोचले आणि काही दिवसांनी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी त्यांच्या शिष्टमंडळाची भेट घेतली. त्याच वर्षी अंधांविषयीचा कायदा संमत झाला. त्याने दृष्टिहीनांसाठी निवृत्तिवेतनाचे वय ७० वरून ५० वर आणले आणि त्यांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. लीगची मागणी यापेक्षा मोठी होती. प्रत्यक्ष काम पुष्कळ ठिकाणी पुन्हा धर्मादाय संस्थांकडेच राहिले. तरीही अपंगांच्या प्रश्नावर शासनाला कायद्याने बांधून घेण्यात अपंग कामगारांचाच हात होता.

केलर आणि लीग यांची तुलना करताना कोण मोठे हा प्रश्न नाही. केलर यांच्याकडे जगभर पोहोचणारा आवाज होता, लीगकडे तो नव्हता. फरक असा आहे की केलर यांना प्रत्येक वेळी आधी स्वतःची बुद्धी सिद्ध करावी लागे आणि मग मुद्दा मांडता येई. लीगच्या सभासदांनी बुद्धी सिद्ध करण्याचा खटाटोपच केला नाही. आम्ही असामान्य आहोत म्हणून आमचे ऐका, असे ते म्हणाले नाहीत. आम्ही सामान्य कामगार आहोत, म्हणून ऐका, असे म्हणाले. एकटीचा अपवाद होण्यात जे बळ खर्च होते, ते संघटनेत मागण्यांसाठी उरते.

७. समारोप

१९७०च्या दशकात ब्रिटनमधील अपंगांच्या संघटनांनी शारीरिक उणीव आणि समाजाने लादलेले अपंगत्व यांत स्पष्ट भेद केला. अभ्यासक त्याला अपंगत्वाचा सामाजिक दृष्टिकोन म्हणतात. भारतातील १९९५चा आणि त्याची जागा घेणारा २०१६चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा यांना आपण साधारणपणे याच चर्चेत ठेवतो. पण त्याच्या कितीतरी आधी, ही परिभाषा नसताना, श्रमिक चळवळीत या विचाराचे दोन अर्धे भाग तयार झाले होते. अपंगत्वाची मुळे व्यवस्थेत आहेत, हा अर्धा भाग केलर यांनी लिहिला. त्यावर बोलण्याचा आणि मागण्याचा पहिला हक्क अपंग कामगारांचा आहे, हा दुसरा भाग लीगने चालून दाखवला.

म्हणून १९१२चा लेख वाचताना केलर यांना पुन्हा एकदा प्रेरणामूर्ती करू नये. 'ईगल'ने त्यांना त्यांच्या शरीरामुळे चुकीचे ठरवले. आपण त्यांना त्यांच्या शरीरामुळे निर्दोष ठरवले तर तीच चूक उलट बाजूने करतो. त्यांनी स्वतः मागितले होते ते एवढेच, की आपल्या विचारांशी वाद घातला जावा. या पाठात आपण काही ठिकाणी तो घातला आहे.

स्वाध्याय

१. 'मदत घेणे आणि मत उसने घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' केलर यांच्या लेखातील वाचनाच्या वर्णनाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
२. फिलिप स्नोडेन यांच्या उदाहरणावरून अपंगत्व आणि राजकीय भूमिका यांच्या संबंधाविषयी कोणता निष्कर्ष निघतो?
३. आपल्या मातृभाषेतील अंधत्व किंवा बहिरेपणावर आधारलेले पाच शब्दप्रयोग गोळा करा. प्रत्येकाला पर्यायी शब्दप्रयोग सुचवा आणि पर्याय शोधताना आलेल्या अडचणी नोंदवा.
४. लाभार्थी आणि कामगार या दोन शब्दांनी हक्कांच्या मागणीत काय फरक पडतो? 'नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड'च्या संदर्भात चर्चा करा.